गाव पाण्याखाली नाही

लोक काठावर गाड्या लावतात, वायर जोडतात,
आणि गाडी भरेपर्यंत माझ्याकडे बघत राहतात.
मी होडीत. हातात लांब दांड्याचा ब्रश.
मग कुणीतरी विचारतंच:
खाली गाव आहे म्हणे? यासेन?
वारा पडला की घंटा ऐकू येते म्हणे?

नाही हो.
घंटा नव्या वसाहतीतल्या चर्चमध्ये आहे,
हल्ली जरा चिरकी वाजते.
बुडालेल्या गावाला निदान तळ असतो.
आम्ही तळसुद्धा काढून नेला.
आधी माणसं, मग कबरी, मग छपरं,
मग जमीन, मग जमिनीखालची जमीन,
साठ मीटर,
जिथे कोळसा होता, तपकिरी, ओलसर,
नखानं खरवडला तर झाडाची साल दिसायची.

आम्ही म्हणजे, मी.
चाकाला अठरा बादल्या, एकेकीत गाय मावेल.
वर काचेच्या खोलीत मी, म्येर्तिन,
थर्मास, रेडिओ आणि दोन खटके.
चाकाला कधी घाई नसायची.

सगळं पट्ट्यावरून भट्टीत गेलं,
भट्टीतून धुराड्यात.
बर्लिनमध्ये कुणी शर्टाला इस्त्री केली,
कुणी आजारी पोराच्या उशाशी
रात्रभर दिवा ठेवला.
त्याची मला लाज नाही. दिवा लागतोच.
एवढंच, की गाव खाली शोधू नका.
गाव वर गेलं.

माझी बायको वोर्शा, यासेनचीच.
परसात त्यांच्या नाशपातीचं झाड होतं.
शहाऐंशीचा नोव्हेंबर, रात्रपाळी,
झोतात ते समोर आलं,
एक पान नाही, आणि खालच्या फांदीला
एक फळ अजून धरून.
सिगारेट संपेपर्यंत मी थांबलो.
मग खटका ओढला.
सकाळी तिनं विचारलं, पाळी तुझी होती?
म्हटलं, नाही, होर्स्टची.
होर्स्ट पुढे वारला. त्याला काय फरक पडतो.

मग खाण मिटली.
नदीचं पाणी खड्ड्यात सोडलं.
सहा वर्षं ते चढत होतं,
उशिरा घरी आलेला माणूस
पाय न वाजवता जिना चढतो तसं.
आता त्याच्यावर या काचा, नांगर टाकून तरंगणाऱ्या.
नऊशे जणांतले आम्ही चौघं ठेवले.
बाकीच्यांचं विचारा जरूर,
फक्त मला विचारू नका.

माझं काम पाणकावळ्यांच्या मागे.
ते बसतात, पंख वाळवतात, शिटतात,
आणि काचेचा एक कोपरा आंधळा होतो.
तो मी उघडतो.

वोर्शा धुणं आता भर दुपारी लावते,
म्हणते, ऊन आहे तोवर फिरू दे मशीन.
संध्याकाळी विचारते, आज किती?
मी आकडा सांगतो, ती कॅलेंडरवर लिहिते,
तिची आई कोंबड्यांची अंडी लिहायची तसा.

गेल्या मंगळवारी लिहिता लिहिता,
मान वर न करता, म्हणाली,
"आमच्या परसातली माती काळी होती.
सात पिढ्यांचं शेण तिच्यात.
बाकी सगळीकडे नुसती रेती.
त्या सकाळी तुझ्या बुटांना काळी होती."

मी गप्प.

"म्हणजे तू खाली उतरला होतास."

घड्याळ चालू होतं. मशीन थांबलेलं.

"फळ होतं एखादं?"
होतं एक.
"खाल्लंस?"
हो.
"कसं होतं?"
गोठलेलं, म्हटलं. दात शिवशिवले.
गोड होतं.

तिनं पेन्सिल खिळ्याला अडकवली
आणि धुणं काढायला गेली.

बघा, तुमच्या गाडीचा दिवा हिरवा झाला.
निघा आता.
मला अजून तीन रांगा धुवायच्यात.